पद्धत उचलण्याआधी तिची परीक्षा कशी झाली, ते पाहावे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इंडोनेशियातील शाळांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखावर सोलापूर जिल्ह्यातील अनेक शिक्षकांनी लिहिले आणि आपण ती पत्रे विस्ताराने छापली, याबद्दल आपले आभार. बदल्या, वेतन आणि ऑनलाइन माहिती भरणे यांपलीकडच्या विषयावर शिक्षक वर्तमानपत्रातून एकमेकांशी बोलत आहेत, हे मुळातच दुर्मीळ आहे. मात्र या पत्रव्यवहारात दोन तट पडलेले दिसतात. एका तटाचे म्हणणे असे, की तिथल्या ‘मर्देका’ (म्हणजे ‘स्वतंत्र’) अभ्यासक्रमातील प्रकल्प, गटकार्य आणि मुलाच्या कलाने शिकवण्याची रीत आपल्या जिल्हा परिषद शाळांनी येत्या जूनपासून स्वीकारावी. दुसऱ्या तटाला वाटते, की ‘पिसा’ चाचणीत सतत खाली राहणाऱ्या देशाकडून शिकण्यासारखे काही असूच शकत नाही. सेवेची बहुतेक वर्षे अध्यापक विद्यालयात गेली आणि त्या निमित्ताने तिथले संशोधन बऱ्यापैकी वाचनात आले, म्हणून लिहितो, की मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. त्या देशाने आपल्याच धोरणांची परीक्षा कशी घेऊ दिली आणि तिचे न आवडणारे निकाल जगापुढे कसे येऊ दिले, हा त्यातला आपल्या उपयोगाचा भाग आहे, आणि नेमका तोच या चर्चेत आलेला नाही.

आधी दुसऱ्या तटाविषयी थोडक्यात. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी इंडोनेशिया २००० पासून देत आला आहे. २०१८ मध्ये त्याचे सरासरी गुण वाचनात ३७१, गणितात ३७९ आणि विज्ञानात ३९६ होते. २०२२ मध्ये ते अनुक्रमे ३५९, ३६६ आणि ३८३ झाले. गुण कमी आहेत आणि उतरलेही आहेत, यात वाद नाही. पण आपण त्यांना कोणत्या तोंडाने नावे ठेवायची? भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये २००९ च्या फेरीत उतरली, ७४ सहभागींच्या यादीत तळाला गेली, आणि त्यानंतर आपण त्या परीक्षेला बसलेलोच नाही. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराशी जुळत नाहीत, असे कारण तेव्हा सांगण्यात आले. ते अगदीच खोटे नसेल. पण बोर्निओच्या जंगलपट्ट्यातील मुलाच्या परिसराशी तरी ते कुठे जुळतात?

मराठीत फिनलंडच्या शाळांवर भरपूर लिहिले जाते. ते वाचायला छान वाटते, पण फिनलंडचे प्रश्न आपले नव्हेत. इंडोनेशियाची लोकसंख्या सुमारे २८ कोटी, बेटे सतरा हजारांहून अधिक, भाषा सातशेहून अधिक. दुर्गम गावात शिक्षक टिकत नाही, तुटपुंज्या मानधनावरचे शिक्षक वर्षानुवर्षे कायम होण्याची वाट पाहतात, आणि मूल घरी एक भाषा बोलते तर पाठ्यपुस्तक दुसरीच भाषा बोलते. अक्कलकोट किंवा मंगळवेढा तालुक्यातील शिक्षकाला यातले काहीही परके वाटू नये.

आता पहिल्या तटाकडे वळतो. ‘तिथल्या संशोधनाने हे सिद्ध झाले आहे’ असे ज्या शिक्षकमित्रांनी लिहिले, त्यांनी बहुधा इंटरनेटवर विनामूल्य मिळणारे तिथले शोधनिबंध पाहिले असावेत. असे निबंध हजारोंनी आहेत आणि त्यांच्या संख्येमागे एक प्रशासकीय कारण आहे. २००९ च्या एका सरकारी नियमाने शिक्षकांच्या बढतीसाठी लागणाऱ्या गुणांकांत लेखन व प्रकाशन यांना स्थान दिले, आणि स्वतःच्या वर्गावरचे कृतिसंशोधन हा त्यासाठी सर्वांत सोयीचा मार्ग ठरला. या निबंधांचा साचा ठरलेला असतो. एक वर्ग घ्यायचा, पूर्वचाचणी घ्यायची, जिगसॉ, समस्याधारित अध्ययन, शोधन पद्धती किंवा प्रकल्प पद्धती यांपैकी एक निवडायची, पहिले चक्र पूर्ण करून थोडी सुधारणा नोंदवायची, दुसरे चक्र घ्यायचे, आणि किमान गुणांची मर्यादा ओलांडणाऱ्या मुलांची टक्केवारी समाधानकारक वाढल्याचे दाखवून निबंध संपवायचा. ती टक्केवारी वाढलीच नाही, असे सांगणारा निबंध माझ्या वाचनात क्वचितच आला. शिकवणारा, प्रश्न काढणारा, उत्तरे तपासणारा आणि अहवाल लिहिणारा शिक्षक एकच असतो. तुलनेसाठी दुसरा वर्ग घेतलेला नसतो. आणि त्याच घटकावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चाचणी दिली की मुले तशीही थोडी पुढे सरकतातच. अशा रचनेत जी पद्धत घालाल ती यशस्वी ठरते, आणि म्हणूनच कोणती पद्धत खरोखर चांगली, हे त्यातून कळत नाही.

हे मी त्या शिक्षकांना हिणवण्यासाठी लिहीत नाही. आपल्या डी.एड. आणि बी.एड.च्या कृतिसंशोधनाच्या फायली याहून वेगळ्या नाहीत. नवोपक्रम स्पर्धांसाठी येणारे अहवालही बहुतांशी याच चालीचे असतात, आणि त्यांतला प्रत्येक उपक्रम यशस्वी झालेला असतो. वास्तविक शिक्षकाने आपल्या कामाकडे डोळसपणे पाहावे, हा कृतिसंशोधनाचा हेतू, आणि तेवढ्यापुरते ते मोलाचेच आहे. इंडोनेशियातही या कामाचे चांगले रूप आहे. जपानच्या मदतीने पश्चिम जावातील सुमेदांग जिल्ह्यात रुजवलेल्या पाठ-अभ्यासात अनेक शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांच्यापैकी एक तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांकडे पाहतात, आणि नंतरच्या चर्चेत कोणते मूल कोठे अडले एवढ्यावरच बोलतात. आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत असा एक तास निघाला तर परिपत्रकांच्या वाचनात जाणारा वेळ खचितच सत्कारणी लागेल. पण एका वर्गाचे निरीक्षण ही एक गोष्ट आणि त्यावरून साऱ्या जिल्ह्याचे धोरण ठरवणे ही दुसरी.

ज्या संशोधनासाठी इंडोनेशियाचे नाव शिक्षणाच्या अभ्यासकांत घेतले जाते, ते याहून पुष्कळ कठोर आहे. २००५ मध्ये त्या देशाने शिक्षकांविषयी कायदा केला. जो शिक्षक प्रमाणित होईल त्याला मूळ वेतनाइतका भत्ता मिळेल, म्हणजे त्याचे मूळ वेतन जणू दुप्पट होईल, अशी त्याची तरतूद होती. आरंभीच्या कल्पनेनुसार शिक्षकाची कसून परीक्षा घेऊन मगच प्रमाणपत्र द्यायचे होते. प्रत्यक्षात ते काम अनुभवाच्या दाखल्यांची फाइल आणि, ती अपुरी पडल्यास, ९० तासांचे प्रशिक्षण यांवर येऊन थांबले. आपल्याकडच्या वरिष्ठ आणि निवड श्रेणीच्या प्रशिक्षणांची आठवण येथे कोणाला झाली, तर ती विनाकारण झालेली नाही.

सर्व शिक्षकांना एकदम प्रमाणित करणे शक्य नसल्यामुळे हा लाभ काही वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यायचा होता, आणि संशोधकांनी याच टप्प्यांचा उपयोग करून घेतला. योपे द री, कार्तिक मुरलीधरन, मेन्नो प्रधान आणि हॅल्सी रॉजर्स यांनी सरकारच्या सहकार्याने २० जिल्ह्यांतील ३६० शाळा घेतल्या. चिठ्ठ्या टाकून काढाव्यात तशा त्यांतल्या १२० शाळा निवडून तिथल्या पात्र शिक्षकांना रांगेत थांबायला न लावता प्रमाणपत्राची संधी देण्यात आली, तर उरलेल्या २४० शाळांतील शिक्षक आपापल्या क्रमाने पुढे सरकत राहिले. दोन आणि तीन वर्षांनी दोन्ही गटांची तुलना झाली. जादा वेतन मिळालेले शिक्षक अधिक समाधानी होते, त्यांची पैशाची ओढाताण कमी झाली होती, जोडीला दुसरे काम करणाऱ्यांचे प्रमाण घटले होते. मुलांच्या गुणांत मात्र दोन्ही गटांत काहीही फरक नव्हता. २०१८ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय अंदाजपत्रकाला मोठा भार झालेल्या निर्णयाचा असा निकाल त्याच सरकारच्या सहकार्यातून बाहेर यावा, ही बाब मला निकालाइतकीच महत्त्वाची वाटते.

हा निष्कर्ष आपल्याकडे पोहोचला तर त्याचा कसा वापर होईल, याची मला थोडी धास्ती आहे. प्राथमिक शिक्षणसेवकाला आज महिना १६,००० रुपये मानधन मिळते आणि २०२३ पूर्वी ते ६,००० होते. ‘पगार वाढवून मुले शिकत नाहीत’ एवढेच वाक्य उचलून ही वाढ अनाठायी ठरवणारे लोक भेटतील. प्रयोगाने तसे म्हटलेले नाही. जे शिक्षक आधीच सेवेत होते, त्यांना कामाशी कोणताही संबंध न जोडता रक्कम दिली, तर काही वर्षांत शिकवण्यात फरक पडत नाही, एवढेच त्यातून दिसते. चांगल्या वेतनामुळे पुढच्या पिढीतील हुशार मुलेमुली या पेशाकडे वळतात की नाही, हा प्रश्न त्या प्रयोगाच्या कक्षेबाहेरचा होता. याच मुरलीधरन यांनी वेंकटेश सुंदररामन यांच्यासह तेव्हा आपल्या शेजारी असलेल्या अविभाजित आंध्र प्रदेशात २००५ पासून जो प्रयोग केला, त्यात मुलांच्या प्रगतीशी जोडलेला बोनस वार्षिक वेतनाच्या सरासरी तीन टक्क्यांएवढाच होता, आणि तरीही दोन वर्षांनी गणितात आणि भाषेत मुले स्पष्टपणे पुढे गेली होती. ज्या विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांसाठी बोनस नव्हता, त्यांतही ती मागे पडली नाहीत, उलट सुधारली. वेतनाच्या रकमेपेक्षा ती कशाशी जोडली आहे, याला महत्त्व आहे, असे हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की दिसते. आमच्या शिक्षक संघटनांना हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

इमारतींची कथाही अशीच दुहेरी आहे. तेलाच्या उत्पन्नातून इंडोनेशियाने १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की त्यामुळे मुले अधिक वर्षे शिकली आणि पुढे त्यांची कमाईही वाढली. परंतु २००० ते २०१४ या काळातील कुटुंब-पाहण्यांतील त्याच त्या साध्या गणिती प्रश्नांची उत्तरे अमांडा बीटी, डॅनियल सूर्यदर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडून पाहिली, तेव्हा शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आणि त्याच इयत्तेतील मुलांचे गणित मात्र घसरलेले आढळले. आपल्याकडे मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहण्या हेच सांगत आहेत. ग्रामीण भारतात पाचवीतील मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये जेमतेम निम्मी होती आणि टाळेबंदीनंतर, २०२२ मध्ये, ४३ टक्क्यांच्या आसपास. पटावर मात्र जवळपास सगळीच मुले आहेत.

आता अध्यापन पद्धतींचा खरा मुद्दा. इंडोनेशियाला कृतियुक्त अध्यापन नवे नाही. १९७९ मध्ये पश्चिम जावातील चिआंजुर भागात ते सुरू झाले. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांना एकत्र प्रशिक्षण मिळत होते, शिक्षकांचे गट नियमाने भेटत होते, आणि वर्गात येणारा पर्यवेक्षक दप्तर तपासण्याऐवजी अडचण सोडवत होता. काम चांगले उभे राहिले. १९८४ च्या अभ्यासक्रमाने ते राष्ट्रीय धोरण केले आणि नंतरच्या वर्षांत ते देशभर पसरवताना बाके गोलाकार लागली, भिंती मुलांच्या कामांनी भरल्या, वर्गात गलका वाढला. शिक्षकाला मिळणारी सततची साथ मात्र वाटेतच गळून पडली. या पद्धतीच्या ‘सीबीएसए’ या आद्याक्षरांचा विस्तार लोक ‘पुस्तक संपेपर्यंत उतरवून घ्या’ असा करू लागले, यावरून तिची काय अवस्था झाली असेल ते समजावे.

हे वाचताना मला सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट (शाळांचा एक गट) आठवल्यावाचून राहिले नाही. तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचे, म्हणजे मुलाने स्वतः ज्ञान घडवावे या विचाराचे, जे काम उभे केले ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आल्यावर त्याला वेग आला. मूळ काम अस्सल होते. पण तिथून परतलेल्या अनेकांनी सोबत काय आणले? रंगवलेल्या फरशा, खडे, काड्या, टोपणे आणि लोकवर्गणीतून केलेल्या बोलक्या भिंती. मूल चुकले तर त्या चुकीमागचा त्याचा विचार शोधायचा, हा त्या कामाचा गाभा फरशीवर रंगवता येत नाही. लग्नातील आहेराच्या यादीसारखी शैक्षणिक साहित्याची यादी वाढत जाते आणि संसार कसा चालला आहे ते कोणी विचारत नाही. म्हणून ‘मर्देका’तील प्रकल्प येत्या जूनपासून आणा, असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न एवढाच आहे, की जिल्ह्यातील केंद्रप्रमुखांची किती पदे भरलेली आहेत आणि जे आहेत त्यांना एका वर्गात तासभर बसायला सवड आहे का?

‘मर्देका’ अभ्यासक्रमाविषयीही थोडे सावधपणे बोलावे लागेल. शिक्षणमंत्री नादिम मकारिम यांच्या काळात राष्ट्रीय परीक्षा रद्द झाली, २०२१ पासून तिच्या जागी वाचन आणि अंकज्ञान यांची नमुना-आधारित चाचणी आली, आणि २०२२ मध्ये हा अभ्यासक्रम शाळांना ऐच्छिक म्हणून खुला झाला. एकेका इयत्तेऐवजी दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे टप्पे, आशयाचा कमी केलेला भार आणि वेळेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा प्रकल्पांना, ही त्याची वैशिष्ट्ये मला स्वतःला आवडतात. परंतु त्याच्या समर्थनार्थ मंत्रालयाने दिलेला मुख्य पुरावा असा होता, की महामारीत ज्या शाळांनी हलका केलेला आपत्कालीन अभ्यासक्रम घेतला, त्यांची मुले कमी मागे पडली. ती निवड शाळांनी स्वतः केली होती. जी शाळा आपणहून बदल स्वीकारते तिचा मुख्याध्यापक मुळातच जागरूक असण्याचा संभव असतो, मग श्रेय अभ्यासक्रमाचे की मुख्याध्यापकाचे? वेतनाच्या प्रयोगाने घालून दिलेली शिस्त येथे पाळली गेली नाही. २०२२ च्या ‘पिसा’नंतर तर तिन्ही विषयांत गुण घसरलेले असताना क्रमवारीतील स्थान पाच-सहा पायऱ्यांनी वर गेल्याचा आनंद साजरा झाला, इतर देश अधिक घसरले होते, हे त्याचे कारण. पुढे सरकार बदलले आणि २०२५ मध्ये शालेय अभ्यासाची नवी राष्ट्रीय चाचणी आली. आपल्याकडेही पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा गेली आणि आली. या ये-जा करण्याने मुलांच्या वाचनात काय फरक पडला, हे दोन्ही देशांत कोणी नीट मोजलेले मला आढळले नाही.

चारित्र्य आणि सहकार्यवृत्ती यांचे मोजमाप प्रश्नावलीने करण्याचा जो उद्योग तिथे चालतो, त्याचे काही पत्रलेखकांनी कौतुक केले आहे. ‘तुम्ही इतरांना मदत करता का’ या प्रश्नाला कोणते मूल नाही म्हणेल?

मला ज्या दोन प्रयोगांकडे सोलापूर जिल्ह्याचे लक्ष वेधायचे आहे, ते अध्यापन पद्धतींच्या चर्चेत सहसा येत नाहीत. पहिला मध्य जावा आणि योग्यकर्ता येथील शाळा समित्यांचा. मेन्नो प्रधान, सूर्यदर्मा आणि इतरांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात शाळा समित्यांना चार प्रकारे बळ देऊन पाहिले गेले: कोठे अनुदान, कोठे सदस्यांचे प्रशिक्षण, कोठे सदस्यांची लोकशाही निवडणूक, आणि कोठे समितीची गावाच्या परिषदेशी संयुक्त बैठक घडवून दोघांनी मिळून योजना आखणे. आपण ज्यांवर सर्वाधिक भर देतो, त्या अनुदानाने आणि प्रशिक्षणाने मुलांच्या शिकण्यावर परिणाम झाला नाही. गावपरिषदेशी जोडणी, विशेषतः निवडणुकीसह जोडणी, जिथे झाली, तिथे भाषेच्या चाचणीत मुले पुढे गेली. गावाच्या कारभाऱ्यांनी लक्ष घातले की रस्ता, अभ्यासाची वेळ, शिक्षकाची हजेरी यांवर बोलणे होते, आणि समितीच्या म्हणण्याला वजन येते. दुर्गम भागातील आणखी एका प्रयोगात गावाने शाळेशी करार केला आणि शिक्षकाचा दुर्गम भत्ता छेडछाड न होणाऱ्या कॅमेऱ्यावरील हजेरीशी जोडला, तेव्हा सर्वांत चांगले निकाल मिळाले. एवढे वाचून कोणी कॅमेऱ्यांची निविदा काढू नये. गावाचा करार आधी होता.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शाळा व्यवस्थापन समिती दिली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, स्थानिक स्वराज्य संस्थेचा प्रतिनिधी, असे सर्व कागदावर आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मासिक सभेचे इतिवृत्त मुख्याध्यापक लिहितात आणि सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जातात. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेचा उल्लेख संरक्षक भिंत आणि स्वच्छतागृह यांच्यापुढे जात नाही. चौथीची किती मुले वाचू शकत नाहीत, हा विषय ग्रामसभेपुढे येत नाही.

दुसरा प्रयोग भाषेचा. इंडोनेशियाच्या सुंबा बेटावरील पूर्व सुंबा जिल्ह्यात ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने चाललेल्या एका कार्यक्रमात पहिल्या इयत्तांचे शिक्षक मुलांच्या घरच्या भाषेतून सुरुवात करतात आणि हळूहळू इंडोनेशियन भाषेकडे नेतात. २००३ च्या त्यांच्या शिक्षण कायद्यात आरंभीच्या टप्प्यात प्रादेशिक भाषा वापरण्याची मुभा आहेच. ती वर्गात कशी वापरायची, हे शिक्षकाला दाखवण्याचे काम त्या कार्यक्रमाने केले. सोलापूरइतका या विषयावर अधिकार असलेला जिल्हा महाराष्ट्रात विरळा. शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांत तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, अनेक वस्त्यांत उर्दू किंवा दख्खनी, तांड्यांवर गोरमाटी. कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या शाळा येथे आहेत, ही मोठी जमेची बाजू. परंतु मराठी माध्यमाच्या शाळेत तांड्यावरून आलेले सहा वर्षांचे मूल पहिले सहा महिने गप्प का बसते, याचा विचार कोणत्याही परिपत्रकात नसतो. त्याला ‘अप्रगत’ असा शिक्का मिळतो, आणि दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की ते पटावरून नाही तरी वर्गातून नाहीसे होते.

यावर माझी सूचना अगदी मर्यादित आहे. जिल्हा परिषदेने अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा आणि सांगोला या चार तालुक्यांतील साठ शाळा घ्याव्यात. जाहीर सभेत, सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या तीस शाळांत शाळा समिती आणि ग्रामपंचायत यांच्या तीन महिन्यांतून एकदा संयुक्त बैठका सुरू कराव्यात, आणि जिथे गरज आहे तिथे पहिलीच्या वर्गात घरच्या भाषेतून सुरुवात करून द्यावी, त्यासाठी गावातलीच भाषा जाणणारी व्यक्ती मदतीला घ्यावी. उरलेल्या तीस शाळा नेहमीसारख्या चालाव्यात आणि दोन वर्षांनी त्यांनाही हा लाभ मिळावा, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. दोन्ही बाबी एकत्र केल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, असा आक्षेप जाणकार घेतील. तो रास्त आहे, आणि शाळांची संख्या वाढवता आली तर चार गट करावेत. वाचनाची चाचणी त्या शाळांच्या शिक्षकांनी घेऊ नये. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि अध्यापक महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम प्रशिक्षणाचा भाग म्हणून करू शकतील. अशी तपासणी आपल्या आवाक्याबाहेरची नाही. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी नेमलेल्या बालसखींचा परिणाम अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी याच रीतीने तपासला होता. मुले पुढे गेली, आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातला बराच लाभ ओसरला, हेही त्यांनी लपवले नाही.

जिल्ह्यात शिक्षकांची कमतरता असेल, कल्पकतेची नाही. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाला मिळाला, ही फार जुनी गोष्ट नाही. कमतरता आहे ती उपक्रम फसला असे अधिकृतपणे लिहिण्याच्या मुभेची. ज्या केंद्रप्रमुखाला प्रत्येक महिन्याला शंभर टक्के प्रगतीचा तक्ता वर पाठवावा लागतो, तो शून्य निकाल कसा नोंदवणार? म्हणून या साठ शाळांपुरते तरी असे लेखी आदेश निघावेत, की निकालावरून कोणत्याही शिक्षकाला किंवा मुख्याध्यापकाला विचारणा होणार नाही.

आपल्याकडेही एक विनंती आहे. असा प्रयोग खरोखर झाला, तर सुरुवातीलाच त्याची आखणी, निवडलेल्या शाळांची यादी आणि कोणती चाचणी केव्हा घेणार हे सर्व आपल्या दैनिकात छापावे, म्हणजे नंतर कोणाला निकष बदलता येणार नाहीत. आणि दोन वर्षांनी निकाल काहीही आला तरी त्यासाठी रविवारच्या पुरवणीत तेवढीच जागा राखून ठेवावी.

आपला,
एक निवृत्त अध्यापकाचार्य,
सोलापूर